स्वच्छ काचेची देणगी

पावसाळ्याच्या दिवसांत कन्नडच्या घाटातून जाणाऱ्या एस. टी.च्या गाडीत तुम्ही कधी बसला आहात काय? आमच्या देवगाव रंगारीच्या माणसांना चाळीसगावकडे जायचे म्हणजे आधी कन्नड गाठावे लागते आणि मग तो घाट उतरावा लागतो. उन्हाळ्यात रखरखीत दिसणारा हा डोंगर आषाढ-श्रावणात ओळखू येत नाही. गौताळ्याच्या माथ्यावरून ढग रस्त्यावर उतरतात, झाडे धुक्यात बुडून जातात आणि पावसाच्या सरी समोरच्या काचेवर येऊन आदळतात. एका बाजूस उंच कडा, दुसऱ्या बाजूस खोल दरी आणि मध्ये वळणावळणाचा रस्ता! गाडीतील सर्व माणसांचे प्राण त्या वेळी चालकाच्या दोन डोळ्यांवर अवलंबून असतात, आणि ते डोळे समोरच्या काचेवर अवलंबून असतात. काचेवर पाणी साचले तर डोळे असून नसल्यासारखेच. अशा वेळी रबराची पट्टी लावलेली एक काळी काठी काचेवरून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे सारखी फिरत असते. ती पाणी निपटून टाकते, चालकाला पुढची वाट दिसते आणि गाडी सुखरूप खाली पोहोचते. या काठीला आपण वायपर म्हणतो.

ही साधी काठी कोणाला सुचली असेल? एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाला, मोटारी बांधणाऱ्या एखाद्या कारखानदाराला किंवा रोज गाडी हाकणाऱ्या चालकाला सुचली असेल, असे आपल्याला वाटेल. परंतु तसे झाले नाही. एका कडाक्याच्या थंडीत दूर देशी प्रवासाला गेलेल्या एका सामान्य स्त्रीला ती सुचली. तिचे नाव मेरी अँडरसन.

मेरीचा जन्म १९ फेब्रुवारी १८६६ रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा या राज्यात, ग्रीन नावाच्या जिल्ह्यात झाला. हा प्रदेश आपल्या मराठवाड्याशी काही बाबतींत मिळताजुळता आहे. तेथेही काळी, कसदार जमीन आहे. तेथेही उन्हाळा कडक असतो. आणि त्या काळी तेथल्या शेतांतही दूरवर कापूसच कापूस फुललेला दिसत असे. मात्र त्या पांढऱ्या शुभ्र कापसामागे एक काळी गोष्ट दडलेली होती. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना व त्यांच्या मुलाबाळांना गुलाम म्हणून राबवून तेथील मोठमोठे मळे पिकवले जात. या गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत मोठे यादवी युद्ध झाले. मेरीच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १८६५ मध्ये, ते संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. जुनी घडी मोडली होती. नवी अद्याप बसली नव्हती. अशा अस्थिर काळात मेरी लहानाची मोठी झाली.

ती अवघी चार वर्षांची असताना, १८७० मध्ये, तिचे वडील वारले. घरात आई आणि मेरी व फॅनी या दोन मुली उरल्या. कर्ता पुरुष नसलेल्या घराला पदोपदी अडचणी येतात. कागदपत्रे समजून घ्यावी लागतात, पैशाचा हिशोब ठेवावा लागतो, कामे स्वतः उभे राहून करून घ्यावी लागतात. या घरातील मुलींच्या वाट्यालाही व्यवहाराचे हे शिक्षण लवकरच आले. पुढे मेरीने जे केले, त्यात या शिक्षणाचा वाटा लहान नव्हता.

१८८९ मध्ये मेरी आपली आई व बहीण यांच्यासह बर्मिंगहॅम या शहरी राहावयास गेली. इंग्लंडमध्येही याच नावाचे एक शहर आहे, परंतु हे अलाबामातील बर्मिंगहॅम होय. लोखंड आणि कोळसा यांच्या खाणी जवळ असल्यामुळे १८७१ मध्ये हे शहर वसवण्यात आले होते आणि पाहता पाहता ते वाढत होते. कामधंद्यासाठी माणसे लोंढ्याने येत होती आणि त्यांना राहावयास घरे हवी होती. तेवीस वर्षांच्या मेरीने ही गरज हेरली. तिने तेथे एक मोठी इमारत बांधून घेतली आणि तिला फेअरमाँट असे नाव दिले. या इमारतीतील बिऱ्हाडांच्या भाड्यावर पुढे तिच्या कुटुंबाचा निर्वाह चालला. ज्या काळी अमेरिकेतील बहुतेक स्त्रियांना मतदानाचाही अधिकार नव्हता, त्या काळी एका तरुण स्त्रीने असा उद्योग उभारावा, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८९३ मध्ये ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या गावी गेली. तेथे तिने गुरांचा कळप सांभाळला आणि द्राक्षांचा मळा चालवला. परंतु पाच वर्षांनी बर्मिंगहॅम येथे एका आजारी मावशीची सेवाशुश्रूषा करण्याची गरज निर्माण झाली, आणि १८९८ मध्ये मेरी परत आली. शेती, गुरे, बांधकाम, भाडेकरू आणि आजाऱ्याची शुश्रूषा अशी नाना प्रकारची कामे तिने केली. या सर्व कामांत एक गुण समान लागतो. समोरच्या माणसाची अडचण नेमकी काय आहे, हे नीट पाहावे लागते. मेरीबाईंच्या अंगी हा गुण पुरेपूर होता. कोणत्याही विद्यापीठात त्यांनी यंत्रविद्येचा अभ्यास केला नव्हता. परंतु पाहण्याची विद्या त्यांना चांगली अवगत होती.

१९०२ च्या सुमारास हिवाळ्यात मेरीबाई न्यूयॉर्क शहर पाहण्यास गेल्या. न्यूयॉर्क हे अमेरिकेतील सर्वांत मोठे शहर. उंच इमारती, गजबजलेले रस्ते आणि रस्त्यातून धावणाऱ्या ट्रामगाड्या पाहून दक्षिणेकडून आलेला माणूस चकित होऊन जाई. ट्राम म्हणजे रस्त्यात बसवलेल्या रुळांवरून चालणारी गाडी. आपल्या मुंबईतही अशा ट्रामा होत्या. १८७४ मध्ये तेथे घोड्यांनी ओढलेल्या ट्रामा सुरू झाल्या, १९०७ मध्ये विजेच्या ट्रामा आल्या आणि १९६४ मध्ये त्या कायमच्या बंद झाल्या. ट्राम चालवणाऱ्यास मोटरमन म्हणत. तो गाडीच्या अगदी पुढच्या भागात असे. गाडीचा वेग कमी-जास्त करणे, रोध लावणे आणि घंटा वाजवणे ही कामे करीत असताना त्याला समोरच्या काचेतून रस्त्यावर डोळ्यांत तेल घालून पाहावे लागे. कारण त्याच रस्त्यातून माणसे, घोडागाड्या आणि सायकलीही जात असत.

मेरीबाई ज्या दिवशी ट्राममध्ये बसल्या, त्या दिवशी हवा फार वाईट होती. आपल्याकडे पाऊस पडतो आणि कधी कधी गाराही पडतात. थंड देशांत आणखी एक प्रकार असतो. आकाशातून पाणी आणि हिम यांचे मिश्रण पडू लागते. ते पाण्यासारखे वाहून जात नाही आणि कोरड्या हिमासारखे उडूनही जात नाही. थंडगार काचेवर ते चिकटते आणि तेथेच गोठते. थरावर थर चढत जातात. थोड्याच वेळात काच दुधासारखी पांढरी होते आणि तिच्यातून पलीकडचे काही म्हणजे काही दिसत नाही. आतून हात फिरवून काही उपयोग नसतो, कारण बर्फाचा थर बाहेरच्या अंगास असतो.

मग बिचाऱ्या मोटरमनने काय करावे? त्याने समोरच्या खिडकीची तावदाने उघडून टाकली होती. आता रस्ता दिसत होता खरा. परंतु बर्फाळ वारा थेट त्याच्या तोंडावर येत होता. हिमकण त्याच्या डोळ्यांत जात होते, कपडे भिजत होते. मागे बसलेले उतारूही थंडीने कुडकुडत होते. काच बंद ठेवावी तर रस्ता दिसत नाही आणि उघडावी तर थंडी सोसत नाही, असा तो पेच होता. हवा बिघडली म्हणजे काही चालक गाडी थांबवून खाली उतरत आणि हाताने काच पुसून पुन्हा गाडी सुरू करीत. यामुळे गाड्यांना उशीर होई आणि पुसलेली काच थोड्याच वेळात पुन्हा झाकोळून जाई.

त्या गाडीत इतर उतारूही होतेच. थंडी त्यांनाही वाजली आणि उशीर त्यांनाही झाला. हिवाळा म्हटला की असे व्हायचेच, अशी लोकांची समजूत झालेली असते. रोजच्या अडचणीची मनाला सवय होते आणि सवय झाली की ती अडचण आहे हेच माणूस विसरतो. मेरीबाई मात्र उष्ण प्रदेशातून आलेल्या. त्यांच्या अलाबामात हिम क्वचितच पडे. त्यामुळे इतरांना नित्याची वाटणारी ही गोष्ट त्यांना नित्याची वाटली नाही. मोटरमनला काच न उघडता आणि जागेवरून न उठता बाहेरचा बर्फ दूर करता आला तर? हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.

असे प्रश्न पुष्कळांच्या मनात येतात आणि घरी पोहोचेपर्यंत विरूनही जातात. मेरीबाईंनी आपला प्रश्न विरू दिला नाही. अलाबामात परतल्यावर त्यांनी आपल्या कल्पनेचा आराखडा तयार केला. यंत्राची नेमकी मापे व भाग ठरवण्यासाठी त्यांनी एका जाणकार माणसाची मदत घेतली आणि गावातील एका कारखान्याकडून त्याचा प्रत्यक्ष चालणारा नमुना करवून घेतला. आपल्याला जे येत नाही ते दुसऱ्याकडून समजून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

त्यांचे साधन कसे होते, ते समजून घेऊ या. काचेच्या बाहेरच्या अंगास एक लांब दांडी होती आणि तिला रबराची पट्टी बसवलेली होती. ही दांडी गाडीच्या आत असलेल्या एका मुठीला जोडलेली होती. मोटरमनने आतून मूठ फिरवली की बाहेरची दांडी काचेवरून सरके आणि पाणी, हिम वा बर्फाचा भुगा बाजूस सारी. मूठ सोडली की स्प्रिंगच्या जोराने दांडी पुन्हा आपल्या जागी येई. नुसती दांडी काचेवरून फिरून भागत नाही. ती काचेला चिकटून फिरली पाहिजे, नाही तर मध्ये फट राहून पाणी तसेच राहते. त्यासाठी मेरीबाईंनी एका वजनाची योजना केली होती. त्या वजनामुळे रबराची पट्टी काचेवर सारख्या दाबाने टेकून राही. शिवाय हिवाळा संपल्यावर हे साधन काढून ठेवता येत असे, म्हणजे चांगल्या हवेत काचेवर त्याचा अडथळा राहत नसे.

पाहा, यात नवे असे काय होते? दांडी जुनी, रबर जुने, स्प्रिंग जुनी आणि वजनही जुनेच. परंतु या चार जुन्या वस्तू एकत्र आणून त्यांच्याकडून नवे काम करून घेणे, हेच तर संशोधकाचे कौशल्य होय.

१८ जून १९०३ रोजी मेरीबाईंनी या साधनाच्या पेटंटसाठी सरकारकडे अर्ज केला. पेटंट म्हणजे संशोधकाला सरकारने दिलेला हक्क. ठरावीक मुदतीपर्यंत त्याच्या परवानगीवाचून ती वस्तू दुसऱ्या कोणी तयार करून विकू नये, असा त्याचा अर्थ आहे. १० नोव्हेंबर १९०३ रोजी मेरीबाईंना पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक ७,४३,८०१ असा होता आणि मुदत सतरा वर्षांची होती. त्याच वर्षी, त्याच जून महिन्यात, हेन्री फोर्ड यांची मोटार कंपनी स्थापन झाली, हा एक योगायोगच म्हणावयाचा. त्या वेळी रस्त्यांवर मोटारी फारच थोड्या होत्या. श्रीमंतांचे खेळणे म्हणून लोक त्यांच्याकडे पाहत. मेरीबाईंनी आपले साधन विशेषतः ट्रामच्या मोटरमनसाठी तयार केले होते. काच पुसण्याची साधने त्याच सुमारास आणखीही काही जणांनी शोधली होती. तथापि आतून चालवता येणारे आणि खरोखर उपयोगी पडणारे साधन म्हणून मेरीबाईंच्या साधनाचे नाव झाले आहे.

पेटंट मिळाले म्हणजे यश मिळाले, असे मात्र नव्हे. वस्तू तयार करून बाजारात आणावयाची तर भांडवल लागते, कारखाना लागतो. १९०५ मध्ये मेरीबाईंनी शेजारच्या कॅनडा देशातील एका व्यापारी पेढीकडे आपले हक्क विकण्याविषयी विचारणा केली. या वस्तूला बाजारात विशेष किंमत येईल असे वाटत नाही, अशा आशयाचे उत्तर त्या पेढीने पाठवले. इतरांचे मतही फारसे निराळे नव्हते. डोळ्यांसमोर काठी हलत राहिली तर चालकाचे लक्ष विचलित होईल आणि अपघात घडतील, अशी भीती काही जण बोलून दाखवीत. आज या आक्षेपाचे आपल्याला हसू येते. परंतु जी वस्तू कधी पाहिलीच नाही तिच्याविषयी लोकांना शंका येणे स्वाभाविक असते. संशोधकाला प्रथम वस्तूशी झगडावे लागते आणि नंतर लोकांच्या शंकेशी. यांपैकी दुसरा झगडा पुष्कळदा अधिक अवघड ठरतो.

आपल्या महाराष्ट्रातील एका संशोधकाचा अनुभवही असाच आहे. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म १८६७ मध्ये मुंबईत झाला. म्हणजे ते मेरीबाईंपेक्षा एका वर्षाने लहान. छापखान्यात लागणारे अक्षरांचे खिळे वेगाने पाडणारे यंत्र त्यांनी शोधून काढले. दादाभाई नौरोजींसारख्या थोर पुरुषाचा त्यांना आधार होता. तरीही आपल्या यंत्रासाठी भांडवल मिळवताना त्यांना लंडनमध्ये अतोनात कष्ट पडले. पुढे ते अमेरिकेस गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्क येथेच त्यांचे निधन झाले. एक अलाबामाची स्त्री आणि एक मुंबईचा तरुण! दोघांची कधी भेट झाली नाही. परंतु दोघेही एकाच खडतर वाटेवरचे प्रवासी होते.

वर्षे लोटली. मेरीबाईंचे पेटंट पेटीत पडून राहिले. बाहेर मात्र जग झपाट्याने बदलत होते. १९०८ मध्ये फोर्ड यांची स्वस्त मोटार बाजारात आली आणि सामान्य माणूसही मोटार घेऊ लागला. सुरुवातीच्या कित्येक मोटारी उघड्या असत. पुढे त्या बंदिस्त होऊ लागल्या आणि पावसात, हिमात काच स्वच्छ कशी ठेवावी हा प्रश्न लाखो लोकांपुढे उभा राहिला. नेमक्या याच वेळी, १९२० मध्ये, मेरीबाईंच्या पेटंटची मुदत संपली. आता कोणालाही तसे साधन तयार करण्यास मोकळीक होती. अल्पावधीतच मोटारींवर वायपर दिसू लागले. १९२२ च्या सुमारास कॅडिलॅक या प्रसिद्ध मोटारींवर ते कारखान्यातूनच बसवून मिळू लागले आणि मग हळूहळू सर्वच मोटारींना वायपर असणे आवश्यक मानले जाऊ लागले. मेरीबाईंना या साधनापासून पैशाचा काहीच लाभ झाला नाही. त्याच १९२० या वर्षी अमेरिकेतील स्त्रियांना देशभर मतदानाचा अधिकार देणारी घटनादुरुस्ती मान्य झाली. स्त्रीच्या मताला देशात किंमत आली. परंतु एका स्त्रीच्या कल्पनेचे मोल तिच्या हाती पडावयाचे राहून गेले.

यात अन्याय नाही काय? असे तुम्ही विचाराल. अन्याय आहेच. कष्टाचा मोबदला कष्ट करणाराला मिळाला पाहिजे, यात शंका नाही. परंतु मेरीबाई त्या दुःखाने खचून बसल्या, असे मात्र नाही. ज्याच्यावर पोट अवलंबून आहे तो उद्योग त्यांच्या हातात होता. फेअरमाँटची व्यवस्था त्या स्वतः पाहत होत्या आणि ते काम त्यांनी म्हातारपणापर्यंत सोडले नाही.

मेरीबाईंच्या मुठीच्या साधनात इतरांनी पुढे पुष्कळ सुधारणा केल्या. १९१७ मध्ये शार्लट ब्रिजवुड या दुसऱ्या एका अमेरिकन स्त्रीने विजेवर चालणाऱ्या काच पुसण्याच्या साधनाचे पेटंट घेतले. तिलाही त्यापासून धनलाभ झाला नाही. नंतरच्या काळात विजेचे वायपर सर्वत्र रूढ झाले. केवळ पुसल्याने चिखल व धूळ जात नाही, असे दिसून आल्यावर काचेवर पाणी उडवणाऱ्या बारीक तोट्या मोटारींच्या पुढच्या भागात बसवण्यात आल्या. चालकाने कळ दाबली की टाकीतील पाणी पंपाच्या जोराने नळीतून येते, तोटीच्या बारीक छिद्रातून काचेवर उडते आणि वायपर ते पुसून घेतो.

येथे मेरीबाईंचा जुना शत्रू पुन्हा समोर उभा राहतो. तो म्हणजे बर्फ. पाणी शून्य अंश सेल्सिअस तापमानाला गोठते. तोटीचे छिद्र सुईच्या अग्राएवढे बारीक असते आणि त्यात पाण्याचा जेमतेम थेंब राहतो. रात्री वारा लागून तो थेंब गोठला की बर्फाचे बूच बसते. सकाळी चालक कळ दाबतो, पंप घरघरतो, परंतु पाणी येत नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. त्यामुळे टाकी किंवा नळी फुटण्याचाही संभव असतो. आपल्या मराठवाड्यात ही अडचण कधी येत नाही. परंतु आपल्याच देशात लडाखमध्ये लेह, द्रास अशी ठिकाणे आहेत, जेथे हिवाळ्यात तापमान शून्याच्या पुष्कळच खाली जाते. तेथे गाड्या चालवणाऱ्या आपल्या जवानांना आणि इतर चालकांना अशा थंडीला तोंड द्यावे लागते.

अशा वेळी अधीर माणूस उकळते पाणी आणून काचेवर ओततो. ही मोठी चूक होय. थंड काच एकाएकी एका बाजूने तापली की असमान प्रसरण पावते आणि तिला तडा जातो. जाणता चालक पंप उगाच चालवीत राहत नाही, कारण त्याने पंप जळण्याची भीती असते. तो गाडी ऊबदार जागी नेतो किंवा कोमट पाण्यात भिजवलेले फडके तोटीवर धरतो. बर्फ वितळला की बारीक सुईने छिद्र हलकेच साफ करतो. परंतु खरा उपाय आदल्या दिवशीच करावयाचा असतो. टाकीतील साधे पाणी काढून टाकून तिच्यात मद्यार्क मिसळलेला द्रव भरतात. शुद्ध मद्यार्क उणे ११४ अंशांपर्यंत गोठत नाही. त्यामुळे पाण्यात तो योग्य प्रमाणात मिसळला की ते मिश्रणही शून्याच्या खाली बऱ्याच अंशांपर्यंत पातळ राहते. असे काही द्रव विषारी असतात, म्हणून मुलांनी त्यांना हात लावू नये. काही मोटारींत तर तोटीला विजेने ऊब देण्याची सोय केलेली असते. न्यूयॉर्कच्या ट्राममध्ये जो प्रश्न मेरीबाईंना पडला, त्याचेच हे पुढचे रूप नव्हे काय? गाडीत बसलेल्या माणसाला जागेवरून न उठता बाहेरची काच स्वच्छ ठेवता यावी, हाच तो प्रश्न. त्याचे पहिले उत्तर मेरीबाईंनी दिले आणि तोच धागा धरून पुढच्या लोकांनी आपापली उत्तरे शोधली.

मेरीबाईंना दीर्घायुष्य लाभले. २७ जून १९५३ रोजी टेनेसी राज्यातील माँटईगल येथे, उन्हाळ्यात राहण्याच्या आपल्या घरी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. बर्मिंगहॅम येथील एल्मवुड दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्या वेळेपावेतो जगातील लक्षावधी मोटारींवर वायपर फिरत होते. परंतु त्यांच्याखाली मोटार हाकणाऱ्या किती जणांना मेरी अँडरसन हे नाव ठाऊक होते? फारच थोड्यांना. पुढे २०११ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी, अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक कीर्तिमंदिरात त्यांच्या नावाला मानाचे स्थान देण्यात आले. पैसा मिळाला नाही आणि मान मिळाला तो पाहावयास त्या राहिल्या नाहीत. परंतु काम मात्र राहिले. आज मोटारी, आगगाड्यांची इंजिने, जहाजे आणि विमाने या सर्वांच्या समोरच्या काचांवर वायपर असतात. त्यांच्यामुळे किती प्रवासी सुखरूप घरी पोहोचले असतील, याची मोजदाद कोण करणार?

मुलांनो, मेरीबाईंच्या हातून हे कार्य घडले, कारण दुसऱ्याला होणारा त्रास त्यांनी नीट पाहिला आणि पाहिल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. तो मोटरमन त्यांच्या नात्याचा नव्हता की ओळखीचा नव्हता. त्याचे नावही आज कोणास माहीत नाही. तुमच्याही अवतीभोवती अशी माणसे आहेत. विहिरीचे पाणी शेंदणारी आजी, उसाची मोळी उचलणारा मजूर, शाळेची घंटा देणारा शिपाई, या सर्वांना कामात काही ना काही अडचण असते आणि तिची त्यांना सवय झालेली असते. ती अडचण तुमच्या डोळ्यांना दिसते का, एवढेच पाहा.

पुढच्या पावसाळ्यात कन्नडचा घाट उतराल तेव्हा चालकाच्या मागच्या बाकावर बसा. समोरच्या काचेवरून फिरणाऱ्या त्या काळ्या काठीकडे क्षणभर पाहा आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडे, थंडीने कुडकुडत एका मोटरमनकडे निरखून पाहणाऱ्या त्या स्त्रीची आठवण करा.